उजेडही आपणच रंगवायचा

तीन सेंटिमीटर उंचीचा एक सैनिक. लाल डगला, काळे बूट, छातीवर पांढरे पट्टे, चंदेरी संगीन. रंग जागच्या जागी भरलेत, एकही फटकारा भलतीकडे गेलेला नाही, आणि तरी टेबलावर ठेवून पाहिलं की तो सपाट वाटतो. नवख्या माणसाला वाटतं, आपला हात अजून बसला नाही. हात पुष्कळ बसलेला असतो. घोळ उजेडाचा असतो, आणि तो एकदा कळला की टेबलावरच्या खेळांतली ही छोटी माणसं, राक्षस आणि घोडेस्वार रंगवण्याच्या छंदातली निम्मी कोडी आपोआप सुटतात. म्हणून या पुस्तकाची सुरुवात ब्रश आणि बाटल्यांच्या यादीने न करता उजेडापासून करतो.

हातभर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर अंतरावरून हा सैनिक जेवढा दिसतो, तेवढाच जिवंत माणूस आपल्याला सुमारे ३५ मीटरवरून दिसतो. उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या डगल्याच्या घड्यांत, हनुवटीखाली, पट्ट्याच्या कडेला गडद सावल्या पडतात. त्यामुळे इतक्या लांबूनही त्याचं अंग भरीव वाटतं. आपला सैनिक मात्र घरात असतो. ट्यूबलाइट, खिडकी, छत, पांढऱ्या भिंती अशा चहूबाजूंनी त्याच्यावर उजेड येत असतो. त्याच्या डगल्याची घडी अर्धा मिलिमीटर खोल. तिच्यात जी पुसट सावली पडते ती डोळ्याच्या खिजगणतीतही येत नाही. मग ती सावली रंगाने घालावी लागते, आणि घडीच्या माथ्यावरचा उजेडही रंगानेच. वॉश, ड्रायब्रश, हायलाइट ही नावं पुढे पानोपानी येतील. ती सगळी या एकाच कामाची वेगवेगळी हत्यारं आहेत.

न्यूरेंबर्गच्या कारागिरांना हे फार पूर्वी उमगलं होतं. अठराव्या शतकापासून तिथे कथलाचे चपटे सैनिक ओतले जात. साचा पाटीच्या दगडात उलटा कोरायचा आणि त्यातून कागदासारखी पातळ नव्हे, पण जेमतेम जाडी असलेली आकृती काढायची. अशा आकृतीला गोलाई नसतेच, ती रंगवणाऱ्याने द्यायची. या चपट्या सैनिकांचे शौकीन आजही आहेत, आणि त्यांचं काम भिंगातून पाहिलं तर एखादं तैलचित्र पाहत असल्याचा भास होतो.

इंग्लंडमधली वाट निराळी होती. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कुटुंबाच्या कारखान्याने पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. वितळलेलं शिसं साच्यात घालायचं, साच्याला लागून असलेला थर थिजला की आतलं पातळ शिसं पुन्हा बाहेर ओतून टाकायचं. धातू कमी लागला, किंमत उतरली आणि जर्मन खेळण्यांना तोंड देता आलं. या ५४ मिलिमीटरच्या सैनिकांवर कारखान्यातच चकचकीत, सपाट रंग चढे, गुलाबी चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके पडत, की झाला सैनिक तयार. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला आपल्या बाजारात येणारे मावळे जवळपास याच धर्तीवर रंगवलेले असतात. भगवा, हिरवा, काळी दाढी, संपलं. आणि त्यात काही चुकतं असंही नाही. किल्ला अंगणात असतो, मावळा उन्हात उभा असतो, सावलीची सोय सूर्य करतो.

हे खेळण्यातले सैनिक मोठ्यांच्या हाती आले, त्याचं बरंच श्रेय एच. जी. वेल्स यांना जातं. कालयंत्राची आणि मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची कथा लिहिणारे हे गृहस्थ मित्रांना घेऊन जमिनीवर मांडी ठोकून बसत आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने एकमेकांचे सैनिक पाडत. त्या खेळाचे नियम त्यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या नावाने छापले. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं, हा योग विचित्रच. वेल्स यांचे सैनिक मात्र बहुधा दुकानातून आणले तसेच ठेवले जात.

रंगवण्याला खेळात नवं महत्त्व आलं ते सत्तरच्या दशकात, आणि त्यामागचं कारण मला फार पटतं. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. तोवर टेबलावर पलटणी असत; पन्नास सैनिकांपैकी एकाला कोण नावाने ओळखणार? या नव्या खेळात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एकच पात्र आलं. त्याला नाव होतं, स्वभाव होता, जुन्या जखमा होत्या. ते मेलं तर खेळाडू हळहळत. अशा पात्राच्या इंचभर प्रतिमेवर माणूस चार संध्याकाळी घालवेल यात नवल ते काय?

मग आलं नॉटिंगहॅम. लंडनमध्ये १९७५ साली तिघा मित्रांनी सुरू केलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी पुढे या शहरात स्थिरावली. १९८३ मध्ये तिचा 'वॉरहॅमर' आला, १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००', आणि त्याच वर्षी 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. कंपनीने पगारी रंगारी ठेवले. त्यांची ओळख म्हणजे चिलखताच्या प्रत्येक कडेवरून ओढलेली फिकट, केसाएवढी रेघ. खरं चिलखत असं दिसत नाही. पण ती रेघ नसली तर निळ्या चिलखतातला योद्धा टेबलापलीकडून एक निळा ठोकळा वाटतो, आणि रेघ असली की खांदा, गुडघा, शिरस्त्राण वेगवेगळं उठून दिसतं. उजेडाचं हे सोंग जगभर इतकं रुळलं की आज बरेच जण तेच खरं मानतात. मला स्वतःला त्याचा अतिरेक आवडत नाही. पण शिकायला ते उत्तम आहे, कारण कड कुठे आहे ते बोटाला कळतं. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी आसपास आपापली दुकानं थाटली आणि नॉटिंगहॅम या धंद्याची पेठ बनलं. नेपोलियनच्या काळातल्या पलटणी घडवणारे पेरी बंधू तिथलेच.

इतिहास इथे पुरे. आता हाताशी काय लागतं ते पाहू.

आकृती कुठली घ्यावी? घरात 'झॉम्बिसाइड'सारख्या एखाद्या खेळाचा खोका असेल, तर नवी खरेदी करूच नका. त्यातल्या करड्या प्लास्टिकच्या आकृत्या सरावाला आयत्याच आहेत. त्यातही एखादा दुय्यम राक्षस निवडा, ज्याच्या अंगावर केस आहेत, खवले आहेत, फाटकी वस्त्रं आहेत. खडबडीत अंग नवख्याला सांभाळून घेतं. गुळगुळीत गाल आणि मोठा झगा असलेली राजकन्या अजिबात सांभाळून घेत नाही. विकत घ्यायचंच ठरवलं तर बाजारात २८ किंवा ३२ मिलिमीटरच्या आकृत्या सर्वांत जास्त मिळतात. हे माप बहुधा तळव्यापासून डोळ्यापर्यंत धरतात, कारण डोक्यावर टोप असेल की शिंगं, याचा नेम नसतो. हल्ली थ्रीडी प्रिंटरवर रेझिनच्या आकृत्या काढून देणारेही भेटतात. रेझिन घासताना तोंडाला मास्क हवाच. ती धूळ छातीत गेलेली बरी नव्हे. आणि जुन्या धातूच्या आकृत्या हाती आल्या तर काम झाल्यावर हात धुवायचे, कारण नव्वदच्या दशकापर्यंत त्यांत सर्रास शिसं असे.

साच्याच्या दोन भागांचा सांधा जिथे येतो तिथे आकृतीवर एक बारीक उंच रेघ उरते. चाकूच्या पात्याची पाठ आडवी धरून ती खरवडून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर शेवटच्या रंगानंतर ती रेघ नाकावरून थेट हनुवटीपर्यंत उमटते. मग साबणाच्या कोमट पाण्याने आकृती धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट अंश तिच्यावर राहिलेला असतो. वाळली की औषधाच्या रिकाम्या बाटलीवर दुहेरी टेपने चिकटवा. रंगवताना बाटली धरायची, आकृती नाही.

प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) हा इंग्रजी पुस्तकांत एका परिच्छेदात आटोपणारा विषय आपल्याकडे चांगला ताणतो. त्या पुस्तकांत थंडीची भीती घातलेली असते. आपला शत्रू दमटपणा. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात स्प्रेच्या डब्यातून प्रायमर मारला, तर आकृतीवर गुळगुळीत थराऐवजी पिठूळ, खरखरीत साय धरते. घडीतला बारकावा त्याखाली कायमचा गाडला जातो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा, पातळ दोन हात, मधे पुरतं वाळू द्यावं. स्प्रेचाच हट्ट असेल तर कडक ऊन पडलेली दुपार गाठावी, गॅलरीत उभं राहावं आणि २०-२५ सेंटिमीटरवरून डबा हलता ठेवत मारावा. मे महिन्यात उलटा त्रास: ब्रशच्या टोकावरचा रंग आकृतीपर्यंत पोहोचेतो सुकतो. पंखा बंद करणं हा एक उपाय. दुसरा, ओली पॅलेट. झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाला ओला टिश्यू किंवा स्पंज पसरा, त्यावर बेकिंगसाठी मिळणारा बटर पेपर अंथरा. कागदातून ओल सावकाश वर येते आणि त्यावरचा रंग तासन्‌तास पातळ राहतो.

प्रायमर काळा की पांढरा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर दोन्ही: आधी सगळीकडे काळा, मग वरच्या बाजूने, डोक्यावरचा सूर्य धरून, पांढऱ्याचा एक हलका फवारा. खांदे, टोप, नाकाचा शेंडा उजळतात. काखा आणि झग्याचा आतला भाग काळाच राहतो. रंगाचा एकही थेंब लावण्याआधी उजेड कुठून येतोय ते आकृतीवर लिहून ठेवल्यासारखं होतं. पुढे गोंधळ उडाला की आठवावं, इथे काळं होतं की पांढरं. त्यासाठी स्प्रे मारण्याआधी मोबाइलवर एक आणि नंतर एक फोटो काढून ठेवा.

रंग ॲक्रिलिकचेच. एकेकाळी एनॅमलच्या डब्या आणि टर्पेंटाइनच्या वासात हे काम चाले. आता पाण्यात मिसळणारे, अर्ध्या तासात वाळणारे रंग आले आहेत आणि घरातल्यांची नाराजी निम्म्याने घटली आहे. स्पेनमधल्या वाय्येहोसारख्या कंपन्यांच्या ठिबक-बाटल्या भारतातही मिळतात. कॅन्व्हाससाठीचा ट्यूबमधला रंग दाट असतो, त्यात ब्रशच्या रेघा उठतात. तो चालवून घेता येतो, पण पहिल्याच वेळी स्वतःला कशाला छळायचं? काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, एक तपकिरी, एक कातडीचा, एक चंदेरी आणि तपकिरी वॉशची एक बाटली, एवढ्यात पहिलं वर्ष निघतं. पन्नास बाटल्यांचा संच घेणारे पुष्कळ असतात. त्यातल्या चाळीस सुकून जातात.

या छंदात सगळ्यांत जास्त वेळा सांगितला जाणारा सल्ला म्हणजे रंगाचे दोन पातळ हात द्या. तो खराच आहे, पण पातळ म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहा. रेघ जागेवर राहिली, खालचं नख किंचित दिसत राहिलं आणि ब्रशच्या केसांच्या खुणा उठल्या नाहीत, तर रंग जमला. कडेला पाणी पसरून रेघेला पाय फुटले, तर पाणी जास्त झालं. पहिला हात दिल्यावर आकृती भिकार दिसणार, खालचा काळा मधेमधे डोकावणार. तिथे धीर सुटतो आणि माणूस बाटलीतला दाट रंग थेट थापतो. तसं करू नका. दुसऱ्या हाताने सगळं भरून येतं.

आता वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. साखळ्यांचं चिलखत घातलेला सैनिक घ्या, चिलखताला चंदेरी रंग देऊन पुरता वाळवा. मग ब्रश तपकिरी वॉशमध्ये बुडवून चिलखतावर टेका. रंग ब्रशवरून उतरतो आणि आपणहून पळू लागतो. प्रत्येक कडीच्या मधल्या खळग्यात जाऊन बसतो, कडीच्या माथ्यावरून ओसरतो. पत्र्याचा चकचकीत डबा होता तिथे दहा सेकंदांत विणलेलं पोलाद दिसू लागतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हरखतो आणि हरखून ब्रश खाली ठेवतो, तिथेच फसतो. कारण वॉश अजून वाहतोय. चिलखताच्या खालच्या कडेशी त्याचा थेंब साचतो, आणि तो तसाच वाळला तर तिथे चहाच्या कपाखाली उठतं तसं कडं उमटतं. ब्रश धुवून कपड्यावर टिपा, ओलसर टोक त्या थेंबाला नुसतं लावा, तो वर ओढला जाईल. मग आकृती उलटीपालटी करून आणखी कुठे साचलंय का पाहा. वीसेक मिनिटं तिला हात लावू नका. अर्धवट वाळलेल्या वॉशवर पुन्हा ब्रश फिरवला की त्याची साय फाटते आणि डाग पडतो.

वॉशने सावली झाली, उजेडासाठी ड्रायब्रश. जुना, केस पसरलेला ब्रश फिकट रंगात बुडवून टिश्यूवर पुसायचा. पुसायचा म्हणजे इतका, की ब्रशवर काही उरलंच नाही असं वाटावं. मग लांडग्याच्या पाठीवरून केसांच्या आडव्या दिशेने हलके फटकारे. रंग फक्त उंच टोकांना लागतो. लोकर, दगड, लाकूड यांना हे फार शोभतं. झग्याला आणि चेहऱ्याला अजिबात नाही. तिथे खडू फासल्यासारखं दिसतं.

सावली आणि उजेड एका हातात देणारे रंगही निघाले आहेत. गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये 'कॉन्ट्रास्ट' बाजारात आणला आणि इतरांनी तसे रंग काढले. फिकट प्रायमरवर एकदा लावला की खळग्यांत गडद, माथ्यावर फिकट. चाळीस झॉम्बी एका रविवारी उरकायचे असतील तर याला तोड नाही. रणगाड्याच्या सपाट पत्र्यावर मात्र तो ढगाळ डाग पाडतो, आणि याच रंगांवर शिकलेल्या माणसाला उजेड कुठून येतो हा प्रश्न पडतच नाही. म्हणून पहिल्या काही आकृत्या जुन्या पद्धतीने करा असं मी सांगेन.

ब्रशबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे: बारीक कामाला बारीक ब्रश. तीन शून्यांचा ब्रश घेतला जातो, त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि तो वाटेतच सुकतो. १ किंवा २ नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश घ्या. काम टोक करतं, पोट रंग पुरवतं. रंग केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीपर्यंत चढू देऊ नका. पाण्याच्या पेल्यात ब्रश डोक्यावर उभा करून चहाला जाऊ नका. ओठांत धरून टोक काढायची सवय तर लावूच नका. चंदेरी-सोनेरी रंगांसाठी पाणी वेगळं ठेवा, नाहीतर त्यातली चमचम चेहऱ्यावर येते.

डोळ्यांची सर्वांना धास्ती. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला खास कसलेला हात लागतो, आणि मूर्तीत जीव येतो तो तेव्हा, असं तिथे मानतात. इथे क्रम उलटा ठेवलेला बरा: चेहऱ्यात सगळ्यांत आधी डोळे. पांढुरक्या रंगाचा आडवा ठिपका, त्यावर गडद तपकिरी उभी रेघ, आणि मग कातडीच्या रंगाने वरखालच्या पापण्या आत ओढत चुकलेलं झाकायचं. शेवटी डोळे करायला गेलात तर चुकीसकट पूर्ण चेहरा पुन्हा करावा लागतो. आणि डोळे केलेच नाहीत तर? या आकृतीचा डोळा मिलिमीटरभरही नसतो. ३५ मीटरवरच्या माणसाची बुबुळं आपल्याला दिसतात का? भुवयांखाली वॉशची सावली पडली की पाहणारा डोळे स्वतःच कल्पून घेतो. वटारलेल्या, तिरळ्या डोळ्यांपेक्षा ते कितीतरी बरं.

आकृतीच्या पायाखालच्या बैठकीकडे दुर्लक्ष करू नका. फेविकॉल, चाळलेली वाळू, दोन खडे, वर तपकिरी रंग आणि फिकट ड्रायब्रश, मग कडेला नीट काळी पट्टी. दहा मिनिटांत साध्या कामाचंही रूप पालटतं. आकृती खेळात हाताळली जाणार असेल तर वर वार्निश हवं; मॅट वार्निशही दमट हवेत पांढरं पडतं, तेव्हा प्रायमरचाच नियम इथे लावा.

काम संपलं असं म्हणायचं कधी? स्पर्धेत मांडायच्या आकृतीला शंभर तास देणारे लोक आहेत, त्यांची पुस्तकं वेगळी. खेळायला हवी असलेली पलटण मात्र हातभर अंतरावरूनच जोखावी. 'वॉरहॅमर ४०,०००'च्या २०२० च्या आवृत्तीने तर नियमातच सोय केली: सगळं सैन्य किमान पातळीवर रंगवून आणलं, तर शंभरातले दहा गुण पदरात. मूळ रंग आणि बैठक झाकलेली, एवढीच ती पातळी. शिकणाऱ्यानेही तीच पातळी धरावी. नाकाजवळ धरून, भिंगाखाली आणि मोबाइलच्या मोठ्या केलेल्या फोटोत दिसणाऱ्या चुका टेबलापलीकडच्या खेळाडूला दिसत नाहीत, आणि त्या दुरुस्त करण्यात पुढच्या तीन आकृत्यांचा वेळ जातो. पहिली आकृती बाजूला ठेवून लगेच दुसरी हातात घेतलेली बरी.

पुढच्या प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे: आधी खरवडणं आणि प्रायमर, मग मूळ रंग, वॉश, ड्रायब्रश, कडेची रेघ, बैठक. चेहऱ्याचं प्रकरण शेवटून दुसरं आहे. तोवर ज्या राक्षसांना, सांगाड्यांना आणि बंद टोपवाल्यांना चेहरा नाही, अशांवर हात बसवून घ्यावा.